लोकल लाईन बदलते तेव्हा या चुका टाळा

मुंबईच्या रोजच्या लोकलवाल्याला गाडी, डबा, दरवाजा, सगळं पाठ असतं. पण ज्या दिवशी स्लो, म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणारी गाडी, मोजक्या स्टेशनांवर थांबणाऱ्या फास्टच्या लाईनवर टाकतात किंवा फास्ट अचानक स्लोवर येते त्या दिवशी हे पाठांतरच नडतं. सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कल्याण आणि चर्चगेट ते विरार लोकलच्या मुख्य लाईन चारच, दोन स्लो, दोन फास्ट. मध्य रेल्वेवर कुर्ला ते कल्याण पाचवी-सहावी लाईनही आहे, ठाणे-दिवा तुकडा 2022 मध्ये सुरू झाला तेव्हा ती सलग झाली, पण कुर्ल्याच्या अलीकडे सीएसएमटीपर्यंत मेल-एक्सप्रेस अजून लोकलच्याच फास्ट लाईनवरून येतात. म्हणजे एका ठिकाणी काही अडकलं की दुसऱ्याची लाईन वापरण्यावाचून इलाज नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "माझी गाडी स्लो आहे, माझ्या स्टेशनला थांबणारच" हे धरून चालणं. रविवारी माटुंगा ते मुलुंड ब्लॉक असला, म्हणजे कामासाठी स्लो लाईन काही तास बंद ठेवली, की स्लो गाड्या फास्टवर जातात आणि मधे फक्त सायन, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड घेतात. विद्याविहार, कांजुरमार्ग, नाहूर गेलं. मोटरमनची मर्जी म्हणून नाही, फास्ट लाईनला तिथे फलाटच नाही. वेस्टर्नला महालक्ष्मी, प्रभादेवी, माटुंगा रोड, राम मंदिरची तीच गत. त्यामुळे डब्यात आरडाओरडा करून किंवा चेन ओढून काही मिळत नाही, गाडी थांबली तरी उतरणार कुठे? कांजूरला जायचंय तर विक्रोळी किंवा भांडुपला उतरा आणि ब्लॉक एकाच दिशेच्या लाईनवर आहे का ते आधी बघून ठेवा, कारण अप स्लो, म्हणजे सीएसएमटीकडे येणारी, चालू असेल तर भांडुपहून उलटं एक स्टेशन मागे येता येतं. उलट प्रवासाची परवानगी ब्लॉकच्या सूचनेत लिहिलेली असते, तिकीट तपासनीसाशी वाद घालण्यापेक्षा त्या सूचनेचा फोटो मोबाईलमध्ये ठेवलेला बरा.

यातच एक जीवघेणा प्रकार आहे ज्याबद्दल फार कमी बोललं जातं, तो म्हणजे डबल हॉल्ट. लोअर परळ, माहीम, विलेपार्ले अशा ठिकाणी फास्टचा फलाट गाडीला पुरत नाही म्हणून गाडी दोनदा थांबवतात, आधी पुढचे डबे फलाटाला लागतात, लोक उतरतात, मग गाडी थोडी पुढे सरकते आणि मागचे डबे लागतात. मागच्या डब्यातल्या माणसाला हे माहीत नसतं, गाडी थांबलीये, फलाट दिसत नाहीये, सुटली तर आपण राहू या घाईत तो खाली उडी मारतो. कृपा करून असं करू नका. गाडी पुन्हा थांबणार आहे, मिनिटभर थांबा, आणि शेजारी कोणी नवखा असेल तर त्यालाही सांगा.

लाईन बदलली की फलाटाची बाजूही बदलू शकते. डाव्या दरवाज्याला टेकून उभं राहायची सवय असते आणि फलाट येतो उजवीकडे, मग गर्दीतून आडवं घुसायचं आणि भांडणं. अनाउन्समेंट ऐकू येत नसेल तर बाहेर बघा, दोन्ही बाजूला रुळ दिसताहेत का, शेजारून कुठली गाडी जातेय, अंदाज येतो.

आता मधेच झालेला गोंधळ, म्हणजे सिग्नल फेल, रुळाला तडा, पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) तुटणं वगैरे. अशा वेळी लोकांची घाई असते फलाट बदलायची. स्लोवाले पूल चढून फास्टकडे, फास्टवाले स्लोकडे, आणि पुलावर चेंगराचेंगरीची वेळ. एक गोष्ट लक्षात घ्या, गाडी कुठेही लाईन बदलू शकत नाही, क्रॉसओव्हर, म्हणजे एका लाईनवरून दुसरीवर नेणारे जोडरुळ, ठरावीक ठिकाणीच असतात. उदाहरणार्थ माटुंगा, विद्याविहार, मुलुंड, ठाणे, कल्याण, वेस्टर्नला माहीम, सांताक्रूझ, अंधेरी, गोरेगाव, बोरिवली. मुलुंडला फास्टवर गेलेली सीएसएमटीकडची स्लो गाडी लगेच परत स्लोवर येईल ही आशा ठेवून नाहूरला उभं राहण्यात अर्थ नाही. नाहूर ते मुलुंड रिक्षा केलेली बरी.

गाडी दोन स्टेशनांच्या मधे रखडली की रुळावर उतरून चालायला लागणं ही चूक अजूनही रोज होते. आपली लाईन बंद आहे म्हणजे शेजारची बंद असते असं नाही, उलट तिच्यावर जास्तीच्या गाड्या वळवलेल्या असतात, आणि ज्या लाईनवर स्लोच येते अशी आपली समजूत त्याच लाईनवर त्या दिवशी न थांबणारी गाडी वेगात येते. शिवाय 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 147 कलमाखाली हा गुन्हा आहे, पण दंडापेक्षा जीव मोठा.

ॲपचं म्हणाल तर वेळापत्रक आणि लाईव्ह यातला फरक समजून घ्या. वेळापत्रक बघून "9.12 आली नाही म्हणजे 9.16 ती असेल" असा हिशोब अशा दिवशी चालत नाही, गाड्या मागेपुढे होतात. यात्री ॲपवर लाईव्ह ठिकाण दिसतं, ते बघा. आणि रिकामी गाडी फलाटाला लागली म्हणून धावत चढू नका, आधी इंडिकेटर बघा, ती कळवा किंवा कुर्ल्याच्या कारशेडला चाललेली असू शकते. मेल थांबली म्हणून तिच्यात चढण्याआधी अनाउन्समेंट झालीये का ते ऐका, साध्या पासवर चढलात आणि ती थेट कल्याणला थांबली तर दंड वेगळा आणि उलटा प्रवास वेगळा.

कल्याणच्या पुढे कसारा-कर्जतला आणि विरारच्या पुढे डहाणूला हा सगळा सल्ला तोकडा पडतो, तिथे मेल, मालगाडी, लोकल सगळ्या जाण्या-येण्याच्या दोनच लाईनवर. मालगाडीचं इंजिन खर्डीजवळ बंद पडलं की मागची लोकल आसनगावला उभी. तिथल्या लोकांनी कनेक्शन धरून प्लॅन आखू नये, कल्याणहून पुढची एक्सप्रेस पकडायची असेल तर एक लोकल आधीची घ्यावी. हार्बरवाल्यांचं (सीएसएमटी-पनवेल लाईन) थोडं बरं, ब्लॉकमध्ये त्याच तिकिटावर मेन लाईन किंवा ट्रान्सहार्बरने (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लाईन) जायची मुभा अनेकदा जाहीर होते, फक्त ती किती वाजेपर्यंत आहे ते वाचा, चारला संपणारी मुभा साडेचारला चालत नाही.