बफर आणि दस्ता बदलताना या चुका टाळा

एआर-15 घडणीच्या रायफलीला नवा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, निवडताना बहुतेक जण त्याचे रूप आधी पाहतात आणि आतल्या यंत्रणेचा विचार रायफल अडू लागल्यावरच करतात. गोळी सुटली की वायूच्या दाबाने बोल्ट कॅरिअर (काडतुसामागची कडी, म्हणजे बोल्ट, वाहून नेणारा सरकता भाग) मागे येतो, बफरला (धक्का झेलणाऱ्या वजनदार नळकांड्याला) ढकलून स्प्रिंग दाबतो आणि तीच स्प्रिंग त्याला पुढे लोटून नवे काडतूस भरते. बफर आणि स्प्रिंगची ही हालचाल दस्ता ज्या नळीवर बसतो त्या बफर ट्यूबमध्येच घडत असल्यामुळे ट्यूब, बफर, स्प्रिंग आणि दस्ता यांचा मेळ बसलाच पाहिजे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कार्बाइनचा (आखूड रायफलीचा) आखूड बफर पूर्ण लांबीच्या रायफलच्या लांब ट्यूबमध्ये तसाच घालणे. अशा वेळी कॅरिअर मर्यादेबाहेर मागे जातो आणि त्याच्या माथ्यावरची गॅस की (वायू आत घेणारी छोटी नळी) रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलीच्या मुख्य सांगाड्याच्या, मागच्या कड्यावर आदळते. त्या कड्यावर रंग उडून ॲल्युमिनिअमचा चमकता ठिपका दिसू लागला, तर गोळीबार तिथेच थांबवावा. स्प्रिंगचे वेढेही मोजावेत: कार्बाइनच्या स्प्रिंगला साधारण 37 ते 39, तर रायफलच्या स्प्रिंगला 41 ते 43 वेढे असतात.

धक्का जाणवला की लगेच जड बफर बसवणे हा उपाय मला घाईचा वाटतो. साधा कार्बाइन बफर सुमारे 3 औंसांचा असतो. एच2 नावाच्या जड बफरमध्ये पोलादाच्या दोन वजनांच्या जागी टंगस्टनची वजने असल्यामुळे तो साडेचार औंसांच्या पुढे जातो. रिकाम्या पुंगळ्या जोराने पुढच्या बाजूला उडत असतील, तर वायू जास्त मिळत असण्याची शक्यता असते आणि तिथे जड बफर उपयोगी पडतो. मात्र शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहत नसेल, तर जड बफरने दुखणे वाढेल. त्याआधी वंगण, मॅगझिन आणि गॅस कीचे स्क्रू तपासावेत.

दस्ता घेताना ट्यूबचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजावा, कारण मिल-स्पेक (लष्करी मापाची) ट्यूब 1.148 इंचांची, तर कमर्शिअल (नागरी बाजारातल्या मापाची) ट्यूब सुमारे 1.168 इंचांची असते. कमर्शिअल दस्ता मिल-स्पेक ट्यूबवर डुगडुगतो आणि मिल-स्पेक दस्ता कमर्शिअल ट्यूबवर चढतच नाही. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी मात्र, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, गोळीबाराच्या वेळी अंगात असणारे जाड जाकीट घालूनच ठरवावी.