पीएचपीच्या पानातून डेटाबेसचा कोड बाहेर कसा काढावा

जुन्या पीएचपी साइटमध्ये क्वेरी आणि एचटीएमएलची खिचडी झाली असेल, तर लोक हमखास सांगतात की फ्रेमवर्क घ्या, नाहीतर स्मार्टीसारखं टेम्पलेट इंजिन बसवा. एवढ्यासाठी काहीच बसवायला नको. पीएचपी स्वतःच टेम्पलेटची, म्हणजे एचटीएमएलच्या साच्यात डेटा भरण्याची, भाषा आहे.

बॅकअप घेतलाय असं धरतो. 'मायएसक्यूएल अंडरस्कोर'वाली जुनी फंक्शन्स अजून असतील तर आधी पीडीओवर, म्हणजे पीएचपीच्या नव्या डेटाबेस-जोडणीवर, या. २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये ती काढूनच टाकली आहेत.

मग प्रत्येक पानाच्या दोन फायली करा. पहिलीत क्वेरी, फॉर्म सेव्ह करणं, रीडायरेक्ट. दुसरीत फक्त एचटीएमएल, हीच टेम्पलेट. पहिलीच्या शेवटी दुसरी इन्क्लूड करा. 'हेडर्स ऑलरेडी सेंट'ची, म्हणजे एचटीएमएल छापून झाल्यावर रीडायरेक्ट केल्याच्या एररची, कटकटही बहुतेक इथेच मिटते.

खरी गोची लूपमध्ये आहे. ऑर्डरची यादी घ्या. टेम्पलेटमध्ये लूप फिरतोय आणि आत प्रत्येक ऑर्डरसाठी ग्राहकाचं नाव आणणारी क्वेरी आहे. ५० ऑर्डर म्हणजे ५१ क्वेऱ्या. ती आतली क्वेरी फंक्शनमध्ये घालून फंक्शन टेम्पलेटमधून बोलावणं म्हणजे कचरा गालिच्याखाली सारणं. हे करू नका. टेम्पलेटला तयार ॲरे द्या, पीडीओचं स्टेटमेंटसुद्धा देऊ नका.

ग्राहकाचं नाव जॉइनने, म्हणजे दोन टेबलं एकाच क्वेरीत जोडून, आणा, पण लेफ्ट जॉइनने: त्यात ग्राहक सापडला नाही तरी ऑर्डर यादीत राहते. साध्या जॉइनमध्ये खातं न उघडता केलेल्या ऑर्डर यादीतून गुपचूप गायब होतात, एररही येत नाही. हिशोब जुळेना की मग शोधाशोध.

ऑर्डरमधल्या वस्तूंना मात्र जॉइन लावू नका. तीन वस्तूंची ऑर्डर तीनदा दिसते, आणि ती एकदाच दिसावी म्हणून टेम्पलेटमध्ये इफ-एल्सचं जंगल उगवतं. त्यापेक्षा ऑर्डरचे आयडी गोळा करा, 'इन' लावून सगळ्या वस्तू एकाच क्वेरीत आणा आणि ऑर्डर आयडीची की देऊन ॲरेत रचा. ५१ च्या जागी दोन क्वेऱ्या. 'इन'च्या कंसात जितके आयडी तितकी प्रश्नचिन्हं (आयडींसाठी मोकळ्या जागा) हवीत. आणि आयडीच नसतील तर क्वेरी चालवूच नका: रिकाम्या कंसावर मायएसक्यूएल सिंटॅक्स एरर देतं, तीही नेमकी एकही ऑर्डर नसलेल्या दिवशी.

एचटीएमएल एस्केपिंग, म्हणजे '<', '&' अशी चिन्हं सुरक्षित रूपात बदलणं, टेम्पलेटमध्ये, छापताना. डेटाबेसमध्ये एस्केप केलेला मजकूर साठवलात तर उद्या एक्सेलच्या फायलीत '&' च्या जागी 'अँड-ए-एम-पी' दिसू लागेल.

शेवटी, टेम्पलेट इन्क्लूड करण्याच्या अगदी आधीच्या ओळीवर कनेक्शनचं व्हेरिएबल नल करा आणि पान उघडा. एररमध्ये टेम्पलेटची जी ओळ दिसेल तिथे अजून क्वेरी दडलेली आहे. ती काढा आणि पुढच्या पानाला लागा.