बाख ते मोत्झार्ट: खालचा सूर कसा ऐकायचा

सोमवारी पालखीच्या भजनाला मी फोंड्याजवळच्या देवळात पेटी धरतो. पाश्चात्त्य संगीताची गोडी लागली ती मडगावच्या एका व्हायोलिनवाल्या मित्राच्या घरी. बरोक (बाखच्या काळची शैली) कुठं संपतं आणि क्लासिकल (त्यानंतरची, मोत्झार्टची शैली) कुठं सुरू होतं, असं विचारलं तर तो म्हणाला, "वरची धून सोड, खालचं ऐक."

पेटीवाल्याला हे जड जातं. आपला डावा हात सदा भात्यावर, त्यामुळे खालच्या सुरांकडे कान जातच नाही. म्हणून घरातल्या कुणाला तरी भाता मारायला बसवा आणि दोन्ही हात मोकळे करून घ्या.

आधी बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रा सूटमधलं (वाद्यवृंदासाठीच्या छोट्या रचनांच्या माळेतलं) 'एअर' लावा. खालचा आवाज सा, नि, ध, प असा उतरत जातो, एकेक सूर दोन सप्तकांत. तो थांबत नाही. डाव्या हाताने तेवढंच वाजवून बघा, नुसती तीच एक चाल वाटते.

मग मोत्झार्टचा १७८८चा सी मेजर सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोची रचना; यादीतला क्रमांक के. ५४५. डाव्या हातात सा प ग प, सा प ग प. मग रे प म प, सा प ग प. उजव्यात लांब सा, मग ग, प. तिथून मंद्र नि, सा रे सा, आणि विश्रांती. ती विश्रांती गाळू नका, सगळी गंमत तिथंच आहे. खालचा हात आता ठेका धरून बसलाय, म्हणून धुनेला श्वास घेता येतो. भजनात तबलजी पक्का असला की गाणाऱ्याला मोकळीक मिळते, अगदी तसंच.

बाख १७५० साली गेला, पण त्या साली बरोक संपलं असं धरू नका. त्याचाच मुलगा योहान क्रिस्टियान पुढे लंडनमध्ये सुटसुटीत, गोड चालींचं लिहीत होता. १७६४ साली आठ वर्षांचा मोत्झार्ट त्याला तिथं भेटला. वरच्या दोन्ही रचनांच्या मध्ये योहान क्रिस्टियानची एखादी सिंफनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्राची रचना, ऐका.

वाद्यही बदललं. बरोक काळातल्या हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यात तार छेडली जाते; बोट कितीही जोरात मारा, आवाज जवळपास तेवढाच. पियानोत हातोडी पडते, म्हणून हळू-मोठा आवाज बोटांत येतो. फ्लोरेन्सच्या क्रिस्तोफोरीने तो १७०० च्या सुमारास घडवला. खास पियानोसाठी लिहिलेले पहिले सोनाटे, ज्युस्तिनीचे बारा, १७३२ साली छापले गेले आणि अर्पण झाले पोर्तुगालच्या राजाच्या भावाला, दों आंतोनियोला. गोव्यावर तेव्हा त्याच घराण्याचं राज्य होतं.

शेवटी पेटीवर एकच सूर धरा आणि भाता हळूहळू वाढवत न्या. त्याच काळात जर्मनीतल्या मानहाइमच्या दरबारात संगीतकार श्तामित्झचा अख्खा ऑर्केस्ट्रा आवाज असाच फुगवत न्यायचा. त्याची सिंफनी लावा, भाता त्या आवाजाबरोबर चढवा.