फोटो एडिटिंग: आधी उजेड, मग रंग

माझ्यासमोर एक फोटो आहे. आजी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवते आहे. डोळे बारीक केलेले, ओठ घट्ट मिटलेले, डाव्या हाताच्या चिमटीत सुई. क्षण अगदी नेमका सापडलाय. पण खिडकी पांढरीफटक पडली आहे, आजीचा चेहरा काळवंडलाय, सगळा फोटो एका बाजूला कललाय आणि डाव्या कडेला अर्धवट कापलेला स्विचबोर्ड आलाय. असे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पडून असतात. दहा-पंधरा मिनिटं दिली तर त्यातले बरेचसे सुधारतात.

फिल्टरवर टिचकी मारून मात्र हे काम होत नाही. या फोटोत आजीचे हात महत्त्वाचे आहेत की मागची भिंत, हे फिल्टरला कळत नाही. तो सगळीकडे सारखाच रंग फासतो. ते ठरवणं आपलं काम, आणि एडिटिंगमधलं सगळ्यात आनंदाचं कामही तेच. म्हणून हा एकच फोटो हाताशी धरून एकेक पायरी सांगते.

कशावर करायचं

मोबाइलवर स्नॅपसीड फुकट आहे आणि नवशिक्याला ते भरपूर पुरतं. लाइटरूमच्या मोबाइल अ‍ॅपमधलीही बरीचशी मूलभूत साधनं पैसे न भरता वापरता येतात. संगणकावर जिंप आहे, १९९६पासून चालत आलेलं आणि पूर्ण मोफत. कॅमेऱ्याच्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने नोंदलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) उघडायच्या असतील तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी घ्या. यातलं काहीच नको असेल तर फोनच्या गॅलरीतलं ‘एडिट’ बटण दाबा. पुढे येणारे बहुतेक स्लायडर तिथेही सापडतील. अ‍ॅप निवडण्यात आठवडा घालवू नका.

हात लावण्याआधी मूळ फोटोची प्रत

जेपीईजी, म्हणजे फोटो दाबून लहान करून साठवणारी नेहमीची फाइल, प्रत्येक वेळी नव्याने सेव्ह करताना थोडा तपशील गमावते. पाच-सहा वेळा उघडून, बदलून, त्याच नावाने सेव्ह केलेला फोटो मूळच्यापेक्षा मळकट दिसायला लागतो. शिवाय कापलेला भाग मूळ फाइलवरच सेव्ह केला असेल तर तो कायमचा गेला. माझ्याकडून एकदा घरच्या एका फोटोचं असंच झालं. चौकट नीट दिसावी म्हणून मी कडेला बसलेले काका कापले आणि तीच फाइल सेव्ह केली. काका गेल्यावर तो फोटो शोधला, तेव्हा त्यात त्यांचा फक्त खांदा उरला होता. तेव्हापासून मी आधी प्रत काढते, मगच फोटो उघडते. काही अ‍ॅप मूळ फोटो जपून बदल वेगळे साठवतात, त्यात ही भीती कमी. पण तुमचं अ‍ॅप तसं करतं याची खात्री होईपर्यंत प्रत काढाच.

स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवा आणि रात्री डोळ्यांसाठी लावलेला पिवळसर मोड बंद करा. पिवळ्या स्क्रीनवर रंग जुळवले तर सकाळी फोटो निळा दिसतो.

पायरी १: नुसतं बघा

अर्धा मिनिट काहीही न करता फोटोकडे बघा. हा फोटो कशाचा आहे? आजीचा, हे उत्तर झालं. पण आजीच्या कशाचा? माझं उत्तर असं: चेहरा, हात आणि त्या दोघांमधलं वीतभर अंतर. एवढं ठरलं की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो. जे त्या गोष्टीला मदत करतं ते ठेवायचं, जे लक्ष ओढून नेतं ते कापायचं किंवा अंधारात ढकलायचं.

पायरी २: सरळ करा, मग कापा

फोटोत सरळ असायला हवी अशी एखादी रेघ शोधा. दाराची चौकट, क्षितिज, टेबलाची कड, काहीही चालेल. माझ्या फोटोत खिडकीचं गज असलेलं चौकटीचं लाकूड दोन अंशांनी झुकलं होतं. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. फोटो फिरवला की चारही कोपऱ्यांतला थोडा भाग जातो, म्हणून आधी सरळ करायचं आणि नंतर कापायचं.

कापताना दोन गोष्टी सांभाळा. माणूस ज्या दिशेला बघतोय त्या बाजूला मोकळी जागा ठेवा. आणि अवयव सांध्यावर कापू नका. मनगटावर किंवा गुडघ्यावर चौकट आली की हातपाय तुटल्यासारखे दिसतात. थोडं वर किंवा थोडं खाली कापलं की डोळ्याला ते चालतं. चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करून मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवायचा नियम सुरुवातीला उपयोगी पडतो, पण त्याचं बंधन मानू नका. आजीच्या फोटोत मी सुई जवळपास मधोमधच ठेवली, कारण चेहरा आणि हात तिच्याकडेच वळलेले आहेत.

किती कापावं याचा हिशेबही करून ठेवा. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर २००० बाय १५००, म्हणजे ३ मेगापिक्सेल उरतात. ६ बाय ४ इंचांच्या चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १८०० बाय १२०० लागतात, म्हणजे तेवढं निभतं. त्याच फोटोची भिंतीवर लावायला मोठी प्रिंट काढली तर जवळून फोटो फाटलेला दिसेल.

पायरी ३: उजेड

बराचसा वेळ इथे द्या. रंगांची घाई करणाऱ्यांचे फोटो भडक होतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच की उजेड बसवायचा राहिलेला असतो.

अ‍ॅपमध्ये हिस्टोग्राम दिसत असेल तर तो उघडा. डोंगररांगेसारखा हा आलेख फोटोत किती अंधार आणि किती उजेड आहे ते सांगतो. डावं टोक म्हणजे ०, पूर्ण काळं. उजवं टोक २५५, पूर्ण पांढरं. आजीच्या फोटोत डावीकडे मोठा उंचवटा होता (चेहरा, साडी, भिंत), मधे जवळपास रिकामं आणि उजव्या टोकाला भिंतीसारखी उभी रेघ. ती रेघ म्हणजे खिडकी. जिथे पिक्सेल २५५ला जाऊन अडकले तिथे तपशील नोंदलाच गेलेला नाही, म्हणून जळालेला पांढरा भाग कितीही प्रयत्न केला तरी परत येत नाही. फार तर तो राखाडी होतो. अंधारात मात्र बऱ्याचदा काहीतरी दडलेलं असतं आणि ते वर आणता येतं.

आता स्लायडर. ‘एक्स्पोजर’ किंवा ‘ब्राइटनेस’ सगळा फोटो उजळतो किंवा मंद करतो. ‘हायलाइट्स’ फक्त उजळ भागांवर चालतो, ‘शॅडोज’ गडद भागांवर. माझ्या फोटोत सगळा उजेड वाढवला असता तर खिडकी आणखी जळाली असती. म्हणून एक्स्पोजर तसंच ठेवलं, हायलाइट्स उणे ६०पर्यंत नेलं आणि शॅडोज अधिक ४०वर. खिडकीच्या गजांच्या कडा परत आल्या, बाहेरच्या झाडाची थोडी पानं दिसली. मधला भाग पांढराच राहिला, तो तसाच सोडला. खरी खिडकीही डोळ्यांना तशीच दिसते.

शॅडोज वाढवताना इथे सगळ्यांचंच चुकतं. चेहरा दिसायला लागला की हात आणखी पुढे जातो, आणि मग चेहऱ्यावर राख फासल्यासारखी छटा येते, भिंतीवर रंगीत दाणे उठतात. यावर माझी एक सवय आहे. स्लायडर आधी पूर्ण टोकापर्यंत ओढायचा, म्हणजे तो नेमकं काय करतो ते कळतं. मग शून्यावर आणायचा. हळूहळू वाढवत ‘आता छान’ वाटेल तिथे थांबायचं आणि तिथून थोडं मागे यायचं. डोळा बदलाला फार पटकन सरावतो, त्यामुळे ‘आता छान’ वाटतं तेव्हा आपण बहुधा पुढे गेलेले असतो.

सावल्या उचलल्या की फोटो फिकट, धुक्यातला वाटतो, कारण खरा काळा रंगच उरत नाही. ‘ब्लॅक्स’ नावाचा स्लायडर असेल तर तो थोडा खाली आणा, नसेल तर काँट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद भागांमधला फरक, थोडासा वाढवा. ‘कर्व्स’ (रेघ वाकवून उजेड-अंधार बदलायचा आलेख) वापरता येत असेल तर तिरक्या रेघेला अगदी हलका इंग्रजी ‘एस’सारखा आकार द्या. खालचा भाग किंचित खाली, वरचा किंचित वर.

तुमच्या कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये रॉ फोटो काढायची सोय असेल तर अशा खिडकीसमोरच्या प्रसंगांत ती जरूर वापरा. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. म्हणून रॉमधल्या सावल्या उचलल्या तरी लवकर तुटत नाहीत.

पायरी ४: पांढरं पांढरं दिसतंय का?

प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो. तो केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तर पिवळसर, जास्त तर निळसर. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्विन, दुपारच्या उन्हाचा ५५००च्या आसपास, सावलीतला ७००० किंवा त्याहून जास्त आणि निळसर. आपला मेंदू हा फरक आपोआप मिटवतो, कॅमेरा दर वेळी मिटवू शकत नाही. ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणजे ती दुरुस्ती. ड्रॉपरचं चिन्ह असेल तर ते फोटोतल्या एखाद्या राखाडी किंवा न जळालेल्या पांढऱ्या वस्तूवर टेकवा. मी आजीच्या मांडीवरच्या पांढऱ्या कापडावर टेकवलं. खिडकीवर टेकवून काहीच साधलं नसतं, कारण जळालेल्या भागात रंगाची माहितीच नसते.

या फोटोत आणखी एक अडचण होती. चेहऱ्याच्या एका बाजूला खिडकीचा निळसर उजेड, मागे खोलीतला पिवळा बल्ब. दोन्ही एकदम बरोबर करता येत नाहीत. अशा वेळी चेहऱ्याची कातडी नैसर्गिक दिसेल असं बघा आणि मागचं पिवळं राहू द्या. ट्यूबलाइटखाली फोटो हिरवट आला असेल तर ‘टिंट’ थोडा जांभळ्याकडे सरकवा. संध्याकाळच्या सोनेरी उन्हात काढलेला फोटो मात्र ‘बरोबर’ करायला जाऊ नका, त्या सोन्यासाठीच तो काढला होता.

पायरी ५: रंग

इथे फार काही करायचं नसतं. ‘सॅच्युरेशन’ सगळे रंग सारखे वाढवतो, आणि माणसांचे चेहरे शेंदरी होतात. ‘व्हायब्रन्स’ आधी फिके रंग वाढवतो आणि कातडीच्या रंगाला सांभाळून घेतो. माणसं असलेल्या फोटोत तोच वापरा. दोन रंगांचे उजेड अजिबात जुळत नसतील तर फोटो कृष्णधवल करून बघा. भांडण रंगांचं असतं, ते तिथेच मिटतं.

पायरी ६: नेमक्या जागी उजेड

नजर सगळ्यात आधी फोटोतल्या सर्वांत उजळ जागी जाते. आजीच्या फोटोत ती खिडकीकडे जात होती, सुईकडे नाही. फिल्मच्या काळात डार्करूममध्ये प्रिंट काढताना हाताने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने प्रकाश अडवून एखादा भाग उजळ ठेवत आणि दुसऱ्या भागाला जास्त वेळ प्रकाश देऊन तो गडद करत. आज तेच काम बोटाने होतं. स्नॅपसीडमध्ये ‘सिलेक्टिव्ह’ घ्या, हव्या त्या जागी टिचकी मारा, दोन बोटांनी वर्तुळ लहानमोठं करा आणि उजेड कमीजास्त करा.

मी एक बिंदू आजीच्या गालावर ठेवून तो थोडा उजळला, दुसरा बोटांवर. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यावर तिसरा ठेवून तो मंद केला. मग चौथा सुईच्या शेजारी, वर्तुळ अगदी लहान. त्याचा उजेड नव्हे, फक्त काँट्रास्ट वाढवला. गडद साडीसमोर तोवर न दिसणारा दोरा एका बारीक पांढऱ्या रेघेसारखा उठून आला. हा फोटो मला खऱ्या अर्थाने सापडला तो त्या क्षणी.

पायरी ७: डाग काढणं

‘हीलिंग’ साधन डागावर फिरवलं की शेजारचा पोत तिथे येऊन बसतो. फोटो मोठा करा, ब्रश डागाहून जेमतेम मोठा ठेवा आणि लांब फराटे ओढण्यापेक्षा लहान टिचक्या मारा. सपाट भिंत, आकाश अशा ठिकाणी हे छान जमतं. दोन गोष्टींच्या सीमेवर गडबड होते, कड चावल्यासारखी दिसते. मी भिंतीवरचं खिळ्याचं भोक आणि लेन्सवरच्या धुळीचा ठिपका काढला. स्विचबोर्ड कापण्यातच गेला होता.

आजीच्या सुरकुत्यांना हात लावला नाही. माझा नियम असा आहे: आठवड्याभरात जाणारी पुटकुळी काढावी, आयुष्यभराचा तीळ आणि सुरकुती ठेवावी.

पायरी ८: धार आणि दाणे

‘शार्पनिंग’ कडांचा काँट्रास्ट वाढवतं, एवढंच. हललेला फोटो त्याने स्थिर होत नाही. फोटो १०० टक्के मोठा करून बघा. कडांभोवती पांढरी किनार दिसली की मागे या. दाणे कमी करणारं साधनही जपून वापरा, जास्त झालं की कातडी मेणासारखी गुळगुळीत होते. थोडे दाणे फोटोचं काही बिघडवत नाहीत.

पायरी ९: सेव्ह आणि पाठवणं

जेपीईजीची गुणवत्ता ९०च्या आसपास आणि रंगांसाठी ‘एसआरजीबी’ निवडा, म्हणजे बहुतेक स्क्रीनवर रंग सारखे दिसतील. मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो पाठवला की तो बहुतेक वेळा दाबून लहान केला जातो. समोरच्याला प्रिंट काढायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोनच्या फोटोत तो कुठे काढला याची नोंदही असू शकते. घरात काढलेला फोटो जाहीर टाकण्याआधी ती काढून टाका.

फोटो त्याच दिवशी पाठवायची घाई नसेल तर रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी मूळ फोटोशेजारी उघडून बघा. मी तसं केलं तेव्हा शॅडोज ४० जास्त वाटलं, ते ३०वर आणलं. खोलीतला अंधार थोडा परत आला. आता खिडकीकडचा गाल उजळ आहे, दुसरा अर्धा सावलीत, आणि दोऱ्याचं टोक सुईच्या नेढ्याशी टेकलेलं स्वच्छ दिसतंय.