हवामानाचा डेटा आपोआप डेटाबेसमध्ये: जोडणी दहा मिनिटांची, टेबलाला मात्र अख्खी संध्याकाळ

कोड न लिहिता हवामानाची माहिती क्लाउड डेटाबेसमध्ये कशी भरायची हे शोधलंत की सगळीकडे तेच सापडतं, हा डबा त्या डब्याला जोडा, बटण दाबा, झालं. आणि खरंच होतं, पहिल्या दिवशी मस्त चालतं. पंधरा दिवसांनी टेबल उघडून बघता तर एकच ओळ तीन-तीनदा, रात्री ८ वाजता कडक ऊन आणि दिवसभर कोसळून पावसाची बेरीज ४ मिलिमीटर. म्हणून मी उलटीकडून सांगतो, आधी टेबल, मग जोडणी.

सामान काय काय लागतं ते पटकन. हवामानासाठी ओपन-मेटिओ, कारण धंद्यासाठी वापरत नसाल तर की (म्हणजे सेवा वापरायचा लांबलचक पासवर्ड) लागत नाही, नोंदणी नाही, अक्षांश-रेखांश टाकले की उत्तर मिळतं. मधला जोडणारा मेक (म्हणजे पूर्वीचं इंटिग्रोमॅट). डेटाबेस सुपाबेस, म्हणजे आतून पोस्टग्रेस नावाचा डेटाबेसच. एअरटेबल (तक्त्यासारखा दिसणारा डेटाबेस) दिसायला गोड आहे, पण फुकट प्लॅनमध्ये एका बेसला १,००० रेकॉर्डची मर्यादा, दर तासाला एक ओळ टाकलीत तर ४१ दिवसांत भरलं. साठवून ठेवायचा डेटा असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता टेबल. नाव काहीही द्या, मी 'नोंदी' म्हणतो. रकाने: आयडी, ठिकाण, वेळ, तापमान, आर्द्रता, वारा, हवामान कोड (ऊन, पाऊस, गडगडाट यांपैकी काय ते सांगणारा आकडा). यातला आयडी सगळ्यात महत्त्वाचा. सुपाबेस आपणहून वाढत्या नंबरचा आयडी सुचवतं, तो घेऊ नका. आयडी टेक्स्ट प्रकारचा करा, प्रायमरी की (म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) त्यालाच ठेवा, आणि त्यात ठिकाणाचा कोड आणि वेळ जोडून टाका, म्हणजे 'घर-२०२५-०७-१०टी१४:३०' असं काहीतरी. त्याने होतं काय, तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर नवी ओळ बनूच शकत नाही. ठिकाणाचा कोड तुमचा तुम्ही ठरवलेला असू द्या, उत्तरात परत येणारे अक्षांश-रेखांश वापरू नका, कारण ओपन-मेटिओ मॉडेलच्या जाळीतल्या जवळच्या चौकोनाचे आकडे देतं, तुम्ही पाठवलेले जसेच्या तसे परत येत नाहीत. (हो, हा मॉडेलचा डेटा आहे, तुमच्या गच्चीवरच्या थर्मामीटरचा नाही, तेव्हा अर्ध्या डिग्रीवरून भांडू नका.)

वेळेच्या रकान्यात माझं स्वतःचं पोपट झालेलं सांगतो. रकाना टाइमझोनवाला टाइमस्टँप (तारीख-वेळ साठवणारा प्रकार) ठेवला, ते बरोबर. मग हुशारी करून रिक्वेस्टमध्ये टाइमझोन 'ऑटो' टाकला, की बुवा आपली स्थानिक वेळ येऊ दे. आली. पण ती वेळ नुसती '१४:३०' अशी येते, शेवटी कुठला झोन ते लिहिलेलं नसतं, मग डेटाबेस ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून गिळतो, आणि नंतर बघताना डॅशबोर्ड पुन्हा एकदा तिला स्थानिक करतो. म्हणजे फरक दोनदा मिळवला गेला. दुपारचं तापमान रात्री दिसायला लागलं आणि मी दोन दिवस हवामानाच्या मॉडेलला शिव्या घालत होतो. तेव्हा नोंदींसाठी टाइमझोनला हातच लावू नका, न सांगता जीएमटी (इथे यूटीसीच समजा) येतं, तेच साठवा, स्थानिक वेळ फक्त दाखवताना करा.

आता मेक. नवीन सिनॅरिओ (म्हणजे कामांची एक साखळी), त्यातलं पहिलं मॉड्यूल (साखळीतला एक डबा) एचटीटीपीचं, म्हणजे वेब पत्त्याकडे मागणी पाठवणारं, 'मेक अ रिक्वेस्ट'. मेथड गेट. यूआरएल हाताने जुळवायची गरज नाही, ओपन-मेटिओच्या डॉक्युमेंटेशन पानावर ठिकाण टाका, 'करंट' भागात तापमान, आर्द्रता, वारा, वेदर कोड यांवर टिक करा, खाली तयार यूआरएल बनते, ती उचला आणि चिकटवा. 'पार्स रिस्पॉन्स' चालू आहे ना ते बघा, बंद असेल तर सगळं उत्तर एका लांबलचक मजकुराच्या गोळ्यात येतं आणि पुढच्या मॉड्यूलला त्यातलं तापमान वेगळं काढता येत नाही. मग एकदा 'रन वन्स'. हे विसरायचं नाही, कारण एकदा चालवल्याशिवाय मेकला उत्तरात कुठली फील्ड असतात तेच माहीत नसतं, आणि पुढे मॅपिंगची (कुठलं फील्ड कुठे जाणार त्याची) यादी रिकामी दिसते, मग आपण उगाच डोकं खाजवत बसतो.

दुसरं मॉड्यूलही मी एचटीटीपीचंच घेतो, तयार सुपाबेस मॉड्यूल आहे, ते चालेलच, पण इथे आत काय चाललंय ते दिसतं. मेथड पोस्ट, पत्ता प्रोजेक्टच्या रेस्ट एपीआयचा (बाहेरून डेटा टाकायच्या दाराचा) आणि शेवटी टेबलाचं नाव, बॉडीत जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर), त्यात प्रत्येक रकान्यासमोर मागच्या मॉड्यूलमधलं फील्ड ओढून ठेवा. हेडरमध्ये की, आणि अजून एक हेडर: नाव 'प्रेफर', किंमत 'रिझोल्यूशन=मर्ज-डुप्लिकेट्स'. खोक्यात अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाकायचं. हा एक हेडर म्हणजे अपसर्ट, आयडी आधीच असेल तर ओळ बदल, नसेल तर नवी टाक. तो नसेल आणि नोंद पुन्हा आली तर सरळ डुप्लिकेट कीची एरर येते आणि सिनॅरिओ अडकतो.

की कुठली? सुपाबेसमध्ये दोन प्रकार असतात, एक लोकांसमोर गेली तरी चालते आणि एक अजिबात नाही. रो लेव्हल सिक्युरिटी (कुठली ओळ कोणाला दिसावी याचा पहारा) चालू ठेवून पॉलिसी, म्हणजे परवानगीचा नियम, न लिहिता तुम्ही पहिली वापरलीत तर लिहिताना नकार मिळेल, आणि वाचताना तर नकारही नाही, नुसती रिकामी यादी, हे जास्त छळतं. मेकमधून लिहायला सिक्रेट की वापरा, जुन्या प्रोजेक्टमध्ये तिला सर्व्हिस रोल म्हणतात. ती सगळ्या सिक्युरिटीला वळसा घालून आत जाते, म्हणून ती फक्त मेकमध्येच ठेवायची, वेबपेजमध्ये नाही, आणि मदत मागताना टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तर नाहीच नाही!

किती वेळाने चालवायचं याचा हिशोब आधी करा. मेकच्या फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १,००० क्रेडिट, आपल्या एका फेरीला दोन लागतात, प्रत्येक मॉड्यूलला एक. दर तासाला म्हणजे २ गुणिले २४ गुणिले ३०, झाले १,४४०, बसत नाही. दर दोन तासांनी ७२०. बसतं, आणि पावसाला थोडे उरतात.

पाऊस वेगळा का? कारण तापमान हे त्या क्षणाचं असतं, पाऊस बेरीज असतो. ओपन-मेटिओच्या 'करंट' उत्तरात 'इंटरव्हल' नावाचं फील्ड असतं, त्यात बहुतेक ९०० दिसेल, म्हणजे ९०० सेकंद, १५ मिनिटं. त्यातला पाऊस गेल्या १५ मिनिटांचा. तुम्ही दर दोन तासांनी तो उचलून दिवसाची बेरीज केली तर उरलेली पावणेदोन तासांची सर कुठे मोजलीच नाही. सुरुवातीला सांगितलेले ते ४ मिलिमीटर इथूनच येतात. यासाठी दुसरा छोटा सिनॅरिओ करा, दिवसातून एकदा पहाटे, 'डेली' मधलं प्रेसिपिटेशन सम (दिवसाच्या पावसाची बेरीज), पास्ट डेज (मागचे दिवस) १, फोरकास्ट डेज (अंदाजाचे दिवस) १, आणि इथे मात्र टाइमझोन ऑटो, कारण दिवस आपला मध्यरात्र ते मध्यरात्र हवा. हे वेगळ्या टेबलात, वेळेऐवजी नुसती तारीख. उत्तरात दोन आकडे येतात, पहिला कालचा, दुसरा आजचा. मेकमध्ये यादीची मोजणी १ पासून असते, तेव्हा कालचा पाऊस म्हणजे क्रमांक १. कोडवाली मित्रमंडळी ० सांगतील, ऐकू नका.

ओपन-मेटिओऐवजी ओपनवेदर घेतलंत तर दोन गोष्टी: युनिट्स मेट्रिक सांगितलं नाही तर तापमान केल्विनमध्ये येतं, ३०० दिसलं तर घाबरू नका, ते २६.८५ सेल्सिअस आहे. आणि पाऊस नसेल तेव्हा पावसाचं फील्ड ० येत नाही, ते येतच नाही, तेव्हा मॅपिंगमध्ये 'रिकामं असेल तर ०' असं लिहावं लागतं.

अलर्ट हवा असेल तर शेवटी ईमेलचं मॉड्यूल जोडा आणि मधल्या रेषेवर फिल्टर लावा, वेदर कोड ९५ किंवा त्याहून मोठा असेल तरच पुढे, म्हणजे गडगडाट. फक्त वादळ सहा तास चाललं तर तीच मेल तीनदा येईल, घरच्यांना पाठवत असाल तर तिसऱ्या वेळी ते ब्लॉक करतील, म्हणून मागच्या ओळीचा कोड आधी वाचून तो ९५ पेक्षा कमी होता का हेही तपासा. त्याला एक जास्तीचं क्रेडिट जातं, दर फेरीला तीन, म्हणजे महिन्याला १,०८०, आणि मग दोन तासांऐवजी तीनवर यावं लागेल.

शेड्यूल चालू करायच्या आधी 'रन वन्स' लागोपाठ दोनदा दाबा आणि टेबल उघडा. मधे १५ मिनिटांचा ठोका पडला नसेल तर ओळ एकच दिसायला हवी. दोन दिसल्या तर आयडी परत बघा, बहुतेक तिथे ओपन-मेटिओच्या वेळेऐवजी मेकची 'नाऊ' ओढली गेलेली असते.