वर्डमधलं काम गेलं? फाइल परत मिळवताना या चुका टाळा

वर्डमध्ये टाइप केलेला मजकूर उडाला, तरी अनेकदा तो संगणकावर दुसऱ्या नावाने शिल्लक असतो. तो कायमचा जातो तो त्यानंतरच्या घाईत.

चुकून चार पानं खोडली आणि वर सेव्हही दाबलं, तर फाइल बंद करू नका. सेव्ह केल्याने वर्डमधलं अनडू (केलेला बदल मागे घेण्याची सोय) पुसलं जात नाही, फाइल बंद केल्यावर मात्र जातं. आधी कंट्रोल-झेड दाबत मागे या.

वीज गेली किंवा वर्ड अडकून बंद पडलं, तर पुन्हा उघडल्यावर डावीकडे डॉक्युमेंट रिकव्हरीची पट्टी दिसते. तिथे एकाच फाइलच्या दोन-तीन नोंदी असू शकतात आणि त्यांच्यासोबत वेळही दिलेली असते. पट्टी मध्ये येते म्हणून ती बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. प्रत्येक नोंद उघडून शेवटचा परिच्छेद तपासा आणि हवी ती प्रत सेव्ह अ‍ॅजने नव्या नावाने ठेवा. मूळ फाइलवर ती चढवू नका, कारण वाचलेली प्रत अर्धवट असू शकते. पट्टी बंद करताना वर्डने विचारलंच, तर या फाइली नंतर पाहायच्या आहेत हाच पर्याय निवडा.

‘डोन्ट सेव्ह’ दाबलं गेलं असेल, तर दोन वेगळ्या वाटा आहेत. फाइल एकदाही सेव्ह झाली नसेल, तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स या क्रमाने जा. या प्रती साधारण ४ दिवसच राहतात, म्हणून सोमवारी बघू म्हणत थांबू नका. फाइल आधीपासून सेव्ह केलेली असेल, तर तीच उघडा आणि इन्फोमध्ये मॅनेज डॉक्युमेंटच्या शेजारी सेव्ह न करता बंद केलेली प्रत दिसते का ते पाहा. दोन्हीकडे अट एकच: ऑटोरिकव्हरची, म्हणजे वर्ड आपोआप तात्पुरती प्रत काढून ठेवतं त्याची, एक फेरी तरी झालेली हवी. ती मुळात दर १० मिनिटांनी होते, त्यामुळे पाच-सात मिनिटांचं काम तिथे सापडेलच असं नाही.

शोधाशोध करताना नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली छोटी लपलेली फाइल सापडते. तिच्या मागे लागू नका. फाइल कोणी उघडली आहे एवढीच नोंद तिच्यात असते, मजकूर नसतो. शोधायच्या त्या ‘एएसडी’ (.asd) प्रकारच्या, म्हणजे ऑटोरिकव्हरने ठेवलेल्या फाइली. सापडली की आधी डेस्कटॉपवर कॉपी करा आणि वर्डच्या ओपन खिडकीतून, ‘ऑल फाइल्स’ निवडून उघडा.

फाइल आहे पण उघडत नाही, अशा वेळी आधी तिची प्रत काढा. मग ओपन खिडकीत ती निवडून ओपन बटणाशेजारच्या बाणातून ‘ओपन अँड रिपेअर’ वापरा. तेही हरलं, तर फाइलच्या प्रकारांत ‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’ आहे. यात फक्त मजकूर येतो, तक्ते-चित्रं-फाँट जातात. श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी त्यामुळे निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखं दिसतं. फाइल खराब झाली समजून लोक ती टाकून देतात. तसं करू नका. मजकूर निवडून मूळ फाँट लावून पाहा.

पेनड्राइव्हवरून डिलीट झालेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. पेनड्राइव्हवर नवं काहीही कॉपी न करता डिलीट झालेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर संगणकावरून चालवा आणि सापडलेली फाइलही संगणकावरच ठेवा.

ऑटोसेव्ह, म्हणजे आपोआप सेव्ह होणं, सगळ्याच फाइलींना चालतं हा गैरसमज वेगळाच. ते चालतं वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतल्या फाइलींना, डी ड्राइव्हमधल्या नाही. शिवाय मागच्या वर्षीचा अहवाल उघडून त्यातच नवा लिहायला घेतला, तर ऑटोसेव्ह जुन्यावरच लिहीत जातं. आधी ‘सेव्ह अ कॉपी’ करा; झालंच तसं, तर इन्फोमधली व्हर्जन हिस्ट्री उघडून जुनी आवृत्ती परत आणा.

आता वर्डच्या ऑप्शन्समधल्या सेव्ह भागात ऑटोरिकव्हरसाठी १० च्या जागी २ मिनिटं करा आणि खालची, सेव्ह न करता बंद केल्यास शेवटची प्रत ठेवण्याची खूण लावा. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’ आहे, तेही सुरू करा: मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये आधीच्या सेव्हची प्रत ‘बॅकअप ऑफ’ नावाने राहते.