गावाला जायच्या आधी दाराचं कुलूप नीट बघा: कुठल्या दाराला कुठलं चालतं

गणपती नाहीतर मे महिना आला की आपण घर बंद करून गावाला निघतो आणि त्या गडबडीत हाताला लागेल ते कुलूप लावतो, दोनदा ओढून बघतो, झालं. मी पण हेच करायचो. मग चार वर्षांपूर्वी आमचं कोकणातलं बंद घर फोडलं आणि चोरांनी कुलपाला हातसुद्धा लावला नव्हता, कुलूप तसंच्या तसं बंद, फक्त कोयंड्याचे स्क्रू काढून अख्खा कोयंडा कुलपासकट ओट्यावर ठेवलेला. आठ लीव्हरचं महागातलं कुलूप आणि ते धरून ठेवायला अर्ध्या इंचाचे स्क्रू!

म्हणून आधी कुलूप नाही, कडी-कोयंडा बघा. दार बंद करा, कुलूप लावा आणि बाहेर उभं राहून बघा की एखादा स्क्रू दिसतोय का. दिसत असेल तर तो पेचकसने निघणारच. कोयंडा असा पाहिजे की कडी त्याच्यावर आली की स्क्रू झाकले जातात, आणि त्याहून चांगलं म्हणजे दारातून आरपार जाणारे गोल डोक्याचे बोल्ट लावून आतून नट कसायचे, मग बाहेरून पकडायला काही राहतच नाही. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे. चौकट वाळवीने पोखरलेली असेल तर मात्र आधी ती बदला, भुसभुशीत लाकडात कितीही लांब स्क्रू मारा, तो धरत नाही.

आता लटकवायचं कुलूप. दुकानात गेलात की गोदरेजचं नवताल, अलिगढची कुलपं, बिननावाची चकचकीत कुलपं सगळं एका बोर्डावर टांगलेलं असतं. त्यात मुख्य प्रकार दोन. लीव्हरच्या कुलपात आत पत्र्याच्या पातळ पट्ट्या असतात, किल्लीच्या टोकाचा प्रत्येक दात आपापली पट्टी बरोब्बर ठरलेल्या उंचीला उचलतो, एक जरी कमीजास्त उचलली गेली तरी कुलूप उघडत नाही. म्हणून सहा, सात, आठ लीव्हर असं लिहिलेलं असतं, जास्त पट्ट्या म्हणजे तेवढं अवघड. दुसरा प्रकार पिनचा, त्याची किल्ली चपटी आणि एका कडेला करवतीसारखे दात, आत स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या पिना असतात. स्वस्तातल्या पिनच्या कुलपात पिना कमी आणि ढिल्या असतात, ते सायकलला नाहीतर माळ्यावरच्या पेटीला ठीक आहे, घराच्या दाराला लावू नका.

लीव्हर मोजता मोजता कुलपाची वरची दांडी बघायची राहून जाते, ती जाड आणि कडक केलेल्या स्टीलची पाहिजे, त्यावर हार्डन्ड असं कोरलेलं असतं. आणि कुलूप लावल्यावर दांडी आणि कोयंडा यांच्यात मोकळी जागा जितकी कमी तितकं चांगलं, कारण कटरचा जबडा नाहीतर पहारीचं टोक त्या फटीतच घुसतं. मोठ्ठं कुलूप घेतलं आणि दांडी ऐसपैस लोंबतीय तर मोठं घेऊन उपयोग काय? दुकानाच्या शटरला तर गोल चकतीसारखं कुलूप येतं ते घ्या, त्याची दांडी जवळजवळ पूर्ण झाकलेली असते.

अजून एक, काही कुलपं नुसती दाबली की लागतात आणि काहींना किल्ली फिरवूनच बंद करावं लागतं. ज्यांच्या घरात किल्ली आत विसरायची सवय आहे त्यांनी दुसऱ्या प्रकारचं घ्या.

शहरातल्या फ्लॅटला मात्र बाहेर कुलूप लटकवूच नये असं माझं ठाम मत आहे, कारण लिफ्टमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला कळतं की घरात कोणी नाही. दारातच बसलेलं कुलूप बरं. साधं नाइट लॅच दार ओढलं की आपोआप लागतं, पण नुसत्या तिरक्या जिभेवर दार अडकलेलं असेल तर फटीतून पातळ पट्टी सरकवून ती जीभ मागे ढकलता येते, त्यामुळे बाहेर जाताना किल्ली फिरवून आतला चौकोनी बोल्ट बाहेर काढायलाच हवा. हे घरातल्या सगळ्यांना शिकवा, कामाच्या मावशींना पण. आणि बोल्ट चौकटीच्या ज्या पट्टीत जातो तिचे स्क्रू निदान अडीच-तीन इंचाचे करून घ्या, लाथ मारल्यावर आधी ती पट्टीच उखडते.

हँडलवाल्या दारात जे कुलूप असतं त्याचा किल्ली घालायचा भाग म्हणजे सिलिंडर. भाड्याच्या घरात नवीन राहायला गेलात, किंवा किल्ली हरवली, तर अख्खं लॉक बदलायची गरज नसते, मालकाला विचारून फक्त सिलिंडर बदला, घरी जमतं. दार उघडं ठेवायचं, दाराच्या कडेला सिलिंडरच्या बरोब्बर समोर एक लांब स्क्रू असतो तो काढायचा, मग किल्ली घालून अगदी थोडीशी फिरवायची म्हणजे मधली जीभ सरळ रेषेत येते आणि सिलिंडर हाताने बाहेर ओढला जातो. जुना घेऊनच दुकानात जा, मापाचा गोंधळ होत नाही. साधारण ६० किंवा ७० मिलिमीटर असतो पण स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकं वेगळी मोजायची. हँडलच्या बाहेरच्या पट्टीच्या पुढे सिलिंडर जास्त आला तर पकडीत धरून मोडता येतो, तेवढं बघा. आणि नवीन बसवल्यावर दार उघडं असतानाच चार वेळा किल्ली फिरवून बघा, मगच दार लावा!

आतून किल्ली लागणारा सिलिंडर घेऊ नका, आतून नॉबवाला घ्या. रात्री आग लागली, गॅसचा वास आला तर अंधारात किल्ली कोण शोधणार?

बारीक खळग्यांची किल्ली असते ना, दुकानदार तिला कॉम्प्युटर की म्हणतात, त्यात काही कॉम्प्युटर नाही, पण कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला ती कानशीने घासून बनवता येत नाही, मशीन लागतं. किल्ल्या चार हातात फिरत असतील तर हीच घ्या. किल्लीचा फोटो कुठेही टाकू नका, नवीन घराचा आनंद असतो कळतं मला, पण फोटोवरून दात मोजता येतात.

डिजिटल लॉक लावलं असेल तर बॅटरी संपत आल्याचा आवाज यायला लागल्या दिवशीच सेल बदला आणि सोबत आलेली किल्ली घरात न ठेवता विश्वासू नातेवाईकाकडे ठेवा. आजी-आजोबांच्या बोटांचे ठसे घासलेले असतात, लॉक त्यांना ओळखत नाही, त्यांना नंबर किंवा कार्ड द्या. पावसाळ्यात दार फुगलं की बोल्ट नीट बसत नाही आणि मोटर ताण घेते, तिथे लॉक नाही, दार तासायला लागतं.

कुलपात खोबरेल तेल घालू नका, थंडीत गोठतं आणि चिकटून धूळ धरतं. पिनच्या कुलपाला ग्रॅफाइटची पूड, नसेल तर मऊ पेन्सिल किल्लीवर घासून दोनचार वेळा आतबाहेर करा. कोकणात खाऱ्या हवेला पितळी कुलूप लोखंडीपेक्षा जास्त टिकतं.

आमच्या गावच्या घराला आता पुढच्या दाराला आरपार बोल्ट आणि मागच्या दाराला आजोबांच्या वेळचा अडसर परत बसवलाय, तो आतूनच सरकतो आणि बाहेरून त्याला धरायला काहीच नाही. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असते, त्या पंधरा दिवसांनी दार उघडून वारा देतात.